आयुष्यभराचा मरीन: चेस्टी पुलर यांची 37 वर्षे आणि पेलेलियूचा प्रश्न

प्रश्न तीन पदरी आहे. अमेरिकी मरीन हा नौसैनिक की पायदळाचा शिपाई? आयुष्यभर मरीन राहिलेल्या अधिकाऱ्याचे युद्धकाळातील जीवन कसे असते? आणि पाच नेव्ही क्रॉस (नौदल खात्याचे फार वरच्या दर्जाचे शौर्यपदक) मिळवणारे मरीन अधिकारी लुईस ‘चेस्टी’ पुलर खरोखर थोर सेनानी होते, की 1944 मध्ये पॅसिफिक महासागरातील पेलेलियू बेटावर जपान्यांविरुद्ध त्यांनी केवळ हट्टापायी आपली रेजिमेंट कापून काढली? मी पायदळात 26 वर्षे काढली आणि त्यातील काही वर्षे तरुण अधिकाऱ्यांना सैनिकी इतिहास शिकवला. हा तिसरा प्रश्न जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारीत असे. पहिल्या दोन प्रश्नांतून गेल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मरीन कोअरची स्थापना 10 नोव्हेंबर 1775 रोजी फिलाडेल्फियात झाली. कारभाराच्या दृष्टीने ती नौदल खात्यात मोडते, पण मरीन जहाज चालवीत नाही. तो जहाजातून जातो आणि किनाऱ्यावर उतरून पायदळासारखा लढतो. त्याच्याकडे स्वतःचा तोफखाना असतो, स्वतःची विमाने असतात. डॉक्टर मात्र नसतात. जखमींना उचलणारे, इंजेक्शन देणारे कॉर्प्समन हे नौदलाचे लोक असतात आणि मरीनांबरोबर त्याच खंदकात मरतात. आपल्या आरमाराच्या इतिहासात डोकावले तर आंग्र्यांच्या गलबतांवरही वल्हे-शीड सांभाळणारे दर्यावर्दी वेगळे आणि शत्रूच्या जहाजावर उडी घेणारे हत्यारबंद लोक वेगळे असत. कल्पना अगदीच परकी नाही. मात्र आज आपल्याकडे स्वतंत्र मरीन दल नाही. नौदलाचे मार्कोस हे मोजके कमांडो आहेत, त्यांची तुलना या दलाशी करू नये.

या दलाचा आकार ध्यानात घेतल्याशिवाय पुलर समजत नाहीत. 1939 मध्ये मरीन कोअरमध्ये जेमतेम 19 हजार माणसे होती. दुसरे महायुद्ध संपताना ती सुमारे 4 लाख 85 हजार झाली. म्हणजे युद्धापूर्वीचा जो जुना मरीन होता, तो एका लहानशा गावकीतला माणूस होता. सगळे सगळ्यांना ओळखत, बढत्या मुंगीच्या पावलाने होत, आणि एकाएकी त्या मूठभर लोकांवर पंचवीस पट मोठ्या सेनेचे नेतृत्व येऊन पडले. वीस माणसांची गस्त नेण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याला तीन हजारांची रेजिमेंट हाकावी लागली. माझ्या मते पुलर यांच्या यशाचे आणि अपयशाचेही मूळ येथेच आहे.

त्यांचा जन्म 26 जून 1898 रोजी व्हर्जिनिया राज्यातील वेस्ट पॉइंट या गावी झाला. वडील ते दहा वर्षांचे असतानाच वारले. 1917 मध्ये त्यांनी व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश घेतला, पण फ्रान्समधील युद्ध आपल्याविना संपेल या धास्तीने पुढच्याच वर्षी शिक्षण सोडून ते साधे शिपाई म्हणून मरीनांत भरती झाले. युद्ध त्यांच्याविनाच संपले. जून 1919 मध्ये त्यांना सेकंड लेफ्टनंट केले गेले आणि लगेच सैन्यकपात होऊन दहा दिवसांत घरी पाठवले गेले. एखाद्याने यातून काय ते ओळखून दुसरी नोकरी शोधली असती. पुलर पुन्हा भरती झाले, कॉर्पोरल म्हणून, आणि हैतीला निघाले.

हैती 1915 पासून अमेरिकी अंमलाखाली होता. तेथील जांदार्मरी नावाच्या दलात शिपाई हैतीचे आणि अधिकारी अमेरिकी मरीन अशी रचना होती. आपल्या दलात जो कॉर्पोरल, तो तेथे लेफ्टनंटाचे काम करी. पुलर यांनी काको बंडखोरांविरुद्ध पाच वर्षांत चाळीसहून अधिक चकमकी लढल्या. हे युद्ध परक्या देशावर लादलेल्या सत्तेच्या बाजूने लढलेले होते हे विसरून त्याचे कौतुक करू नये. तरीही सैनिकी शिक्षण म्हणून पाहिले तर असे विद्यालय दुसरे नव्हते: जंगलात चालावे कसे, हलके राहावे कसे, पहिल्या गोळीनंतर आडोसा शोधण्यापेक्षा घात करणाऱ्यावरच चालून जावे कसे, आणि ज्यांची भाषा आपल्याला येत नाही अशा शिपायांनी आपल्यामागे यावे म्हणून स्वतः पुढे राहावे कसे. 1924 मध्ये अखेर त्यांना कायमचा अधिकारीदर्जा मिळाला. त्यानंतर मेजर होईपर्यंतचा काळ पंधरा वर्षांहून अधिक आहे. आजच्या तरुण अधिकाऱ्यांना हा आकडा सांगितला की वर्गात शांतता पसरते.

निकाराग्वात त्यांचे नाव झाले. तेथे ऑगुस्तो सेसार सांदिनो यांच्या बंडाविरुद्ध नॅशनल गार्ड उभारण्यात आला होता आणि पुलर हिनोतेगा येथून त्याच्या ‘एम’ कंपनीचे नेतृत्व करीत. सोबतीला विल्यम ली नावाचे अनुभवी गनरी सार्जंट. 1930 मधील कारवायांबद्दल पहिला नेव्ही क्रॉस मिळाला, तर दुसरा सप्टेंबर 1932 मधील एका गस्तीबद्दल. ती गस्त जवळ ठेवून अभ्यासावी अशी आहे. चाळीस गार्ड घेऊन ते तळापासून ऐंशी ते शंभर मैल उत्तरेला गेले. कुमक नाही, माघारीची वाट नाही. 26 तारखेला सुमारे दीडशे बंडखोरांनी घात केला. पहिल्याच फैरीत पुलर यांच्या लगेच मागे चालणारा शिपाई ठार झाला आणि ली गंभीर जखमी झाले. तुकडीने उलट चढाई करून उंचवटे घेतले, घात मोडला, आणि जखमींना घेऊन परत फिरताना 30 तारखेला आणखी दोन घात मोडून काढले. अशा अनुभवातून माणसाच्या हाडात एक धडा मुरतो: आगीत सापडलात तर थांबू नका, पुढे घुसा, थांबलेली तुकडी मेलीच म्हणून समजा. दहा-वीस रायफली आणि एखादी यंत्रबंदूक समोर असताना हा धडा अचूक आहे.

मधली वर्षे शांततेची, आणि व्यावसायिक सैनिकाच्या आयुष्यात तीच सर्वाधिक असतात. बीजिंगच्या वकिलातीवरील घोडदळी मरीनांचे नेतृत्व, ‘ऑगस्टा’ या क्रूझरवरील मरीन तुकडी (तिचे कप्तान होते चेस्टर निमिट्झ, हे नाव पुढे पुन्हा येईल), फिलाडेल्फियात नव्या अधिकाऱ्यांना शिकवणे, पुन्हा ‘ऑगस्टा’, मग शांघाय. 1937 मध्ये व्हर्जिनिया इव्हान्स यांच्याशी विवाह झाला. शांघायमधील परिस्थिती बिघडल्यावर 1940 मध्ये कुटुंबांना मायदेशी परत पाठवण्यात आले आणि पुलर ऑगस्ट 1941 मध्ये परतले. त्यांची जुनी चौथी मरीन रेजिमेंट मात्र नंतर शांघायहून फिलिपीन्सला गेली आणि 1942 मध्ये तेथील कोरेहिडोर हे तटबंदीचे बेट पडल्यावर जपान्यांच्या कैदेत गेली. बदलीचा एक कागद माणसाचे आयुष्य कसे फिरवतो, हे सैन्यात राहिलेल्या कुणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

पॅसिफिकमधील ग्वादलकनाल बेटावर जपान्यांशी लढण्यासाठी ते सातव्या मरीन रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीचे प्रमुख म्हणून 18 सप्टेंबर 1942 रोजी उतरले. दहाच दिवसांत पॉइंट क्रूझजवळ त्यांच्या कंपन्या शत्रूने किनाऱ्यापासून तोडल्या. ते स्वतः त्या वेळी त्यांच्यासोबत नव्हते. वेढलेल्या जवानांनी अंगातले गंजीफ्रॉक काढून टेकडीवर मदतीची हाक देणारी अक्षरे मांडली, ती एका वैमानिकाने पाहिली. पुलर ‘मॉन्सेन’ या विनाशिकेवर चढले, तिच्या तोफांनी किनाऱ्यापर्यंत वाट मोकळी करवली आणि नौका आत पाठवून माणसे बाहेर काढली. तटरक्षक दलाचे डग्लस मन्रो त्या नौकांना आडोसा देताना मारले गेले.

24 ऑक्टोबरच्या रात्रीची लढाई अधिक प्रसिद्ध आहे आणि ती त्या प्रसिद्धीला पात्रही आहे. शेजारची पलटण दुसरीकडे हलवल्यामुळे हेंडरसन विमानतळाच्या दक्षिणेचा सुमारे मैलभर जंगली मोर्चा त्यांच्या एकट्या पलटणीवर आला. मुसळधार पावसात जपानच्या सेंडाई डिव्हिजनचे लोक लाटांमागून लाटांनी आले. पुलर यांनी सर्व कंपन्यांच्या टेलिफोन तारा एकमेकांना जोडून ठेवल्या, त्यामुळे प्रत्येक कंपनीला दुसरीकडे काय चालले आहे ते ऐकू येत होते. मोर्च्यापुढे टेहळणीसाठी ठेवलेल्या तुकडीने शत्रू आल्याचे कुजबुजत कळवले. मग रॉबर्ट हॉल यांची भूदलाची पलटण, म्हणजे अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्याचे नॅशनल गार्ड नावाचे राखीव सैनिक, अंधारात आणि चालू लढाईत मरीनांच्या खंदकांत मुठीमुठीने मिसळवण्यात आली. हे काम किती अवघड असते याची कल्पना ज्याने रात्री मोर्चा बदलला आहे त्यालाच येईल. दोन वेगवेगळ्या दलांचे अनोळखी लोक, पाऊस, गोळीबार, आणि तरी हे काम तडीस गेले. जॉन बॅसिलोन यांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते याच पलटणीतील त्या रात्रीच्या यंत्रबंदुकीवर. मोर्चा सकाळपर्यंत टिकला. पुलर यांना तिसरा नेव्ही क्रॉस मिळाला, आणि नोव्हेंबरमध्ये कोली पॉइंटजवळ मांडीत तोफगोळ्याचे तुकडे शिरले, त्यांपैकी एक तेथेच राहिला. त्या तुकड्याकडे परत यायचे आहे. चौथा नेव्ही क्रॉस न्यू ब्रिटन बेटावरील केप ग्लॉस्टरच्या मोहिमेचा.

कालक्रम येथे मुद्दाम मोडतो आणि पेलेलियूच्या आधी कोरियाकडे जातो, कारण पुलर यांना फक्त पुढे घुसणे ठाऊक होते असे म्हणणाऱ्यांना कोतो-रीचे दहा दिवस आधी दाखवावे लागतात. 1950 मध्ये वयाच्या 52 व्या वर्षी त्यांनी पुन्हा पहिली मरीन रेजिमेंट मागून घेतली, 15 सप्टेंबरला इंचॉनच्या समुद्रभिंतीवरून ते उतरले आणि सोलची रस्त्यारस्त्यातील लढाई लढले. नोव्हेंबरात मरीन डिव्हिजन उत्तर कोरियातील चोसिन जलाशयाकडे एकाच डोंगरी रस्त्याने वर सरकली. डिव्हिजनचे प्रमुख ऑलिव्हर स्मिथ यांनी वरून घाई होत असतानाही रस्त्यावर टप्प्याटप्प्याने ठाणी बसवली. त्यांतील कोतो-री पुलर यांच्याकडे होते. 27 नोव्हेंबरच्या रात्री चिनी सैन्याने सगळा रस्ता जागोजाग तोडला. थंडी उणे 30 अंश सेल्सियस आणि त्याहूनही खाली. रक्तद्रवाच्या बाटल्या गोठत, म्हणून ते देता येत नसे. कॉर्प्समन मॉर्फिनच्या नळ्या तोंडात धरून ठेवीत.

29 तारखेला स्मिथ यांच्या आदेशावरून पुलर यांनी ब्रिटिश रॉयल मरीनचे ड्रायस्डेल यांच्या हाताखाली सुमारे 900 लोकांची तुकडी त्याच रस्त्यावर वर असलेल्या हागारू-री ठाण्याकडे पाठवली. ती वाटेत फाटली. तीनशेहून अधिक माणसे आणि सुमारे 75 वाहने गेली, पण जे रणगाडे व लोक पोहोचले त्यांच्यामुळे हागारू टिकले. हा निर्णय निष्ठुर होता आणि तरी बरोबर होता, असे मी आजही मानतो. पुढे वरचे सगळे सैन्य कोतो-रीला येऊन मिळाले आणि त्या लहानशा वर्तुळात सुमारे 14 हजार लोक झाले. फुन्चिलिन खिंडीतला पूल उडवलेला होता. विमानांतून पुलाचे पोलादी भाग हवाई छत्र्यांनी कोतो-रीत टाकण्यात आले आणि ते जोडून दरी ओलांडली गेली. गोठलेल्या जमिनीत 117 मृतांचे एकत्र दफन झाले. 10 डिसेंबरला पुलर निघाले तेव्हा त्यांच्या जीपवर जागा होती ती जखमींसाठी आणि मृतांसाठी. ते स्वतः बराचसा रस्ता पायी उतरले. पाचवा नेव्ही क्रॉस या दिवसांचा. (त्याच डिसेंबरात कोरियाच्या पश्चिमेला आपली 60 पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी प्याँगयाँगहून माघार घेत होती, डॉक्टर आणि साहित्य दोन्ही सुखरूप काढण्याची तीही कथा अभ्यासण्यासारखी आहे.) वेढ्यात पडल्यावर पुलर यांनी उच्चारल्याचे एक बाणेदार वाक्य जगभर फिरते, पण त्याचे पाच-सहा वेगवेगळे पाठ आहेत, म्हणून मी ते वर्गात कधी उद्धृत केले नाही. पाच नेव्ही क्रॉस मिळालेले ते एकमेव अमेरिकी आहेत हेही खरे नाही. नौदलाचे पाणबुडी-कप्तान रॉय डेव्हनपोर्ट यांनाही पाच आहेत. पुलर हे पाच मिळालेले एकमेव मरीन.

आता पेलेलियू, सप्टेंबर 1944. जेमतेम 13 चौरस किलोमीटरचे प्रवाळाचे बेट, त्यावर एक विमानतळ आणि विमानतळाच्या उत्तरेला उमुरब्रोगोल ही चुनखडकाची खाचखळग्यांची रांग. फिलिपीन्सवर निघालेल्या जनरल मॅकआर्थर यांच्या सैन्याची बाजू सुरक्षित राहावी म्हणून ते घ्यायचे होते. हल्ल्याच्या आधी दोन दिवस ॲडमिरल हॅल्सी यांनी ही मोहीम रद्द करावी अशी शिफारस केली. सेना समुद्रात निघालेली आहे म्हणून ती रद्द करू नये हा निर्णय घेणारे होते निमिट्झ, ‘ऑगस्टा’वरचे जुने कप्तान आणि आता पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख. ॲडमिरल ओल्डेनडॉर्फ यांनी तीन दिवस तोफा डागून आता लक्ष्येच उरली नाहीत असे जाहीर केले. डिव्हिजनप्रमुख रुपर्टस यांनी लढाई तीन-चार दिवसांत आटोपेल असे भाकीत केले होते.

समोर कर्नल कुनिओ नाकागावा होते, दहा हजारांहून अधिक सैनिकांसह. किनाऱ्यावर लाटांनी चालून यायचे आणि मरायचे ही जुनी पद्धत त्यांनी टाकून दिली होती. त्यांनी शेकडो गुहा एकमेकींना जोडल्या, प्रत्येक तोंडावर दुसऱ्या तोंडातून मारा होईल अशी रचना केली, आणि माणसे आत ठेवली. म्हणजे ग्वादलकनालवर ज्या शत्रूला पुलर यांनी मोडले होते तो शत्रू येथे नव्हताच. थांबाल तर मराल हा निकाराग्वाचा धडा येथे उलटा झाला होता: येथे पुढे घुसणारा मरत होता आणि आत थांबणारा जगत होता.

15 सप्टेंबरला पुलर यांची पहिली मरीन रेजिमेंट सगळ्यात डावीकडे, म्हणजे त्या डोंगररांगेच्या थेट तोंडाशी उतरली. संपर्कयंत्रणेचा मोठा भाग वाहनांसह प्रवाळखडकांवरच नष्ट झाला. किनाऱ्याच्या टोकावरील एक खडक घेण्यासाठी जॉर्ज हंट यांची 235 जणांची कंपनी गेली आणि तो राखून परतली तेव्हा 78 जण उभे होते. उष्णता 46 अंशांपर्यंत जात होती, पिण्याचे पाणी तेलाच्या पिंपांतून आलेले आणि त्या तेलाचीच चव असलेले. रोज सकाळी हुकूम एकच: पुढे चला. रुपर्टस यांचा सराव उतरणीत घोटा मोडलेला, म्हणून ते रेजिमेंटचा मोर्चा नीट पाहू शकत नव्हते. पुलर यांची मांडी ग्वादलकनालवरचा तो जुना लोखंडी तुकडा चिघळल्यामुळे सुजलेली, म्हणून तेही चढावर जाऊ शकत नव्हते. दोन लंगडे सेनापती एकमेकांना टेलिफोनवर जोर लावायला सांगत होते, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून कधी हलत नाही. आणि आणखी एक गोष्ट: पुलर यांचा धाकटा भाऊ सॅम्युएल, तोही मरीन अधिकारी, जुलैमध्ये गुआमवर गोळी लागून मारला गेला होता. त्याचा त्यांच्या निर्णयांवर परिणाम झाला असे काही जण मानतात. मनातले मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही, म्हणून मी ते कारण म्हणून मांडत नाही.

जबाबदारी वाटायची झाली तर मी अशी वाटतो. हल्ल्याची दिशा, मुदत आणि भूदलाची राखीव डिव्हिजन जवळ असूनही न मागण्याचा ताठा हे रुपर्टस यांचे. पण रेजिमेंटच्या प्रमुखाचे एक कर्तव्य वरच्याला ‘आता पुरे’ असे सांगणे हेही असते, आणि ते पुलर यांनी ठणकावून बजावलेले दिसत नाही. स्वयंपाकी, कारकून, जे हाती लागेल ते एकत्र करून त्यांनी पुन्हा पुन्हा चढाई केली. शेजारच्या पाचव्या रेजिमेंटचे कर्नल हॅरॉल्ड हॅरिस यांनी लहान विमानातून रांग वरून पाहिली आणि माणसांऐवजी दारूगोळा खर्चून उत्तरेकडून इंचाइंचाने कुरतडत जाण्याचा आग्रह धरला. अखेर पद्धत तीच ठरली. त्याच बेटावर, त्याच आठवड्यात एक अधिकारी वेगळा विचार करू शकत होता, ही गोष्ट पुलर यांच्या बचावाच्या आड येते. जे लोक त्यांना कसाई म्हणतात त्यांच्याशी मी सहमत नाही, कारण कसाई मोर्च्यापासून काही शे मीटरांवर दगडाच्या आडोशाला बसून राहत नाही. जे भक्त त्यांची चूकच मानत नाहीत त्यांच्याशी तर मुळीच नाही.

21 सप्टेंबरला या डिव्हिजनच्या वरच्या तिसऱ्या ॲम्फिबियस कोअरचे प्रमुख रॉय गायगर स्वतः पुलर यांच्या ठाण्यावर आले. त्यांनी थकलेल्या, पाय ओढत चालणाऱ्या कर्नलशी बोलून पाहिले, मग रुपर्टस यांच्याकडे जाऊन रेजिमेंट काढून घेण्याचा हुकूम दिला आणि भूदलाची 321 वी तुकडी मागवली. तोवर पहिल्या मरीन रेजिमेंटच्या सुमारे 3 हजार माणसांपैकी 1,749 जण ठार वा जखमी झाले होते. रांग मात्र नाकागावांच्या हातीच राहिली. संघटित प्रतिकार संपायला 27 नोव्हेंबर उजाडला, आणि गुहांतले शेवटचे 34 जपानी सैनिक एप्रिल 1947 मध्ये बाहेर आले.